सरांची चाळणी

एका माणसावर माझा अजून राग आहे आणि तो माणूस आता जिवंत नाही, ही मोठी अडचण आहे. जिवंत माणसाशी भांडता येतं, चार दिवस बोलणं टाकता येतं, पाचव्या दिवशी शिपायाबरोबर चहा पाठवून मिटवताही येतं. मेलेल्या माणसाशी भांडायचं तर दोन्ही बाजूंनी आपणच बोलावं लागतं. आणि सरांच्या बाजूने मी बोलायला लागले की दर वेळी तेच जिंकतात. त्यामुळे राग निवत नाही.

महाडातल्या एका ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत आणि मी रसायनशास्त्र. दोन प्रयोगशाळांच्या मधे फळ्यांची भिंत होती आणि त्या फळ्यांत बोटभर फटी होत्या. पलीकडून दिवसातून दहादा एकच वाक्य ऐकू यायचं, "तोंड उघडा." मुलं उघडायची, शिपाई उघडायचा, परीक्षेचे पेपर घेऊन आलेला पाहुणा मास्तरही उघडायचा. सर लाकडी काडीने गालाच्या आतल्या बाजूला हलकेच खरवडत, ते काचपट्टीवर पसरत, निळा रंग टाकत आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत. अकरावीची मुलं हा प्रयोग आयुष्यात एकदा करतात आणि जर्नलवर सही मिळाली की विसरतात. सरांना तो विसरता आला नाही.

मला ते एकदा फळीच्या अलीकडे येऊन हाताला धरून घेऊन गेले. काचेखाली माझ्याच गालाच्या पेशी होत्या, पापडाच्या तुकड्यांसारख्या पसरलेल्या आणि प्रत्येकीच्या मधे एक गडद ठिपका. "हे केंद्रक," सर म्हणाले. "आता शोधा, कुणाच्या शेजारी आणखी एक बारीक ठिपका दिसतो का. तो सांडलेला माल. पेशी दुभंगताना नीट वाटणी झाली नाही, त्याची खूण." मला एकही सापडला नाही. सरांना हजारो पेशींत काही सापडायचे आणि ते वहीत काड्या मारत. हा त्यांचा छंद होता. स्टाफरूममध्ये त्यांना 'खरवडे सर' म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते विचारू नका, मी सांगणार नाही.

दुसरा छंद चाळणीचा. पिठाच्या चाळणीची जाळी काढून टाकून त्या कड्यावर त्यांनी मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तांब्याची तार गुंडाळली होती, शेकडो वेढे. तिची दोन टोकं एका जुन्या रेडिओच्या पोटात जोडलेली. ही चाळणी विजेच्या मीटरजवळ नेली की रेडिओ घुमायचा. पंख्याखाली कमी, फ्रिजच्या पाठीमागे जास्त. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होतो आणि त्याच्याभोवती एक क्षेत्र तितक्याच वेळा हलतं, तेच या चाळणीला ऐकू येतं, असं ते समजावत. घरभरणीला बोलावलं तरी चाळणी पिशवीत असायचीच. एका सहकाऱ्याच्या घरी पूजेचा प्रसाद हातात घेऊन सर भिंतीशी कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "पाळणा दोन हात इकडे घ्या. मागे मीटर आहे." बाळाची आजी घाबरली. "काय होतं का हो बाळाला?" सर म्हणाले, "माहीत नाही." आजीने पाळणा हलवला, पण सरांना पुन्हा त्या घरी कुणी बोलावलं नाही.

'माहीत नाही' हे ते इतक्या सहज बोलत की ऐकणाऱ्याला अपमान वाटे. विजेखाली राहिलं की कर्करोग होतो का? माहीत नाही. मग काहीच होत नाही ना? तेही माहीत नाही. हे क्षेत्र इतकं मंद असतं की पेशीतला डीएनएचा धागा ते थेट तोडू शकत नाही, एवढं पक्कं. पण पेशीला त्याची चाहूल लागते का, तिच्या कामात त्याने ढवळाढवळ होते का, यावर एका प्रयोगशाळेत काहीतरी दिसतं, दुसरी तेच करून बघते आणि काही दिसत नाही. "माहीत नाही हेही उत्तर आहे, बाई," ते मला म्हणत. "फक्त खाली सही करायला कुणी तयार नसतं."

असा माणूस घरातला माणूस म्हणून कुणाला परवडणारा नव्हता, म्हणून ते एकटेच राहत. एका वर्षी सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा लोकांनी दागिने उचलले, गॅस सिलिंडर उचलले. सर कॉलेजचा सूक्ष्मदर्शक डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून निघाले आणि त्यांचं स्वतःचं अंथरूण, भांडी, सगळं दासगावच्या दिशेने वाहून गेलं. नंतर महिनाभर ते प्रयोगशाळेतल्या टेबलावर झोपत होते. प्राचार्यांनी त्यांना मेमो दिला, कारण कॉलेजची वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेली होती. सरांनी मेमोवर सही केली आणि खाली लिहिलं, 'चूक मान्य. पुन्हा पूर आल्यास पुन्हा नेईन.'

आता मी मुद्द्यावर येते, कारण इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथली अर्धी माणसं मुंबईला, उरलेली नाचणी-वरीच्या मागे. वाडीच्या खालच्या अंगाला अंगणवाडीची एक खोली होती, पत्र्याची. ती झाल्यावर काही वर्षांनी डोंगरावरून उच्च दाबाच्या तारा आल्या आणि नेमक्या त्या पत्र्यावरून गेल्या. वाडीने अर्ज केले. उत्तर आलं की तारांची उंची नियमात बसते. ती बसतच होती, कुणी नाही म्हटलं नव्हतं. पावसाळी हवेत वर तारा तडतडायच्या आणि खाली पंधरा-वीस पोरं 'एक होता कावळा' म्हणत बसायची. मागणी तारा हलवण्याची नव्हती. मागणी एवढीच, की अंगणवाडी दीडशे पावलं वर सरकवा.

सरांना हे कळलं आणि रिटायर झालेला तो माणूस चाळणी घेऊन डोंगर चढला. अंगणवाडीत रेडिओ असा घुमला की पोरं टाळ्या पिटायला लागली. सर एकेक पाऊल वर चढत गेले, आवाज कमी होत गेला आणि साधारण दीडशे पावलांवर एका घराच्या पडवीशी चाळणी गप्प झाली. सरांनी तिथल्या पायरीवर चुन्याची रेघ ओढली. ते घर होतं अंगणवाडीच्या मदतनीस काकींचं. काकी म्हणजे साठीला टेकलेली, काटक बाई. खिचडी शिजवायची, पोरांची शेंबडी नाकं पुसायची आणि बोलायला लागली की पोस्टमनसुद्धा वाट वाकडी करायचा. ती म्हणाली, "माझी पायरी कशाला रंगवताव, सर? लगीन हाय का?"

मग सरांनी त्यांना सुचलं ते केलं. तारांखाली दिवसभर असणाऱ्या बायका आणि महाडात तारांपासून लांब राहणाऱ्या त्याच वयाच्या बायका, दोन्ही गटांचे गाल खरवडून ठिपके मोजायचे. पोरांच्या तोंडात काडी घालायला त्यांनी साफ नकार दिला. महाडच्या गटात मीही होते. तीन आठवडे आधी सर वाडीत जाऊन सांगून आले, तंबाखू खायची नाही, पान खायचं नाही, तोंड स्वच्छ ठेवायचं. तंबाखू खाता का, या प्रश्नावर बायका म्हणाल्या, "आमी तंबाखू खातच नाय." सरांनी वहीत तसं लिहिलं.

काचपट्ट्यांची एक शिस्त त्यांनी ठरवून घेतली होती. कुठली काच कुणाची हे त्यांना स्वतःलाही कळू नये म्हणून शिपाई त्यांवर नुसते आकडे चिकटवायचा आणि यादी बिस्किटाच्या डब्यात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात टाकायचा. सगळी मोजणी झाल्यावरच डबा उघडायचा. दोन महिने सर डोळे लाल करून मोजत होते. डबा उघडला तेव्हा मी तिथे होते. वाडीच्या बायकांचे ठिपके आमच्याहून जास्त निघाले, बघताक्षणी कळावं इतके जास्त. सर आनंदाने ओरडतील असं मला वाटलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अरे बापरे." त्या दिवसापासून मी त्यांना खरवडे म्हणणं सोडलं.

बैठक वाडीच्या देवळात ठरली. कोणी तरी साहेब येणार होते, बरोबर लाईनवाल्या कंपनीचा इंजिनिअर. मी सरांबरोबर गेले. आम्ही एसटीतून उतरून चढण चढलो तर काकी अंगणवाडीच्या दारात बसलेली, मांडीवर डबी, बोट तोंडात.

"थांबा हां सर," ती तोंड बाजूला करून म्हणाली, "येवढी मिश्री लावताय न् आलेच. तुमी बोलला होतात ना, तोंड साफ ठेवा. तवापास्नं दिसातनं तीन-तीन टाइम लावताव आमी सगल्या. चुकवली नाय एकपन."

सर जागच्या जागी थांबले. "मिश्री कशाची करता, काकी?"

"कशाची म्हंजे? तंबाखू भाजाची न् कुटाची."

"तुम्ही म्हणालात तंबाखू खात नाही."

"खाताव कुटं? दातांना लावताव. खानारी कोन हाय हितं?"

तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. आमच्याकडे मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच, ती दात घासायची वस्तू. तोंड स्वच्छ ठेवा म्हटल्यावर या बायकांनी तीन आठवडे जीव ओतून तोंडं स्वच्छ ठेवली होती. आणि तंबाखूने गालात नेमके तसलेच ठिपके होतात. सरांना कसं कळणार? घरात बाई नाही आणि काकी सोडली तर परपुरुषासमोर कुणी मिश्री लावत नाही. पण माझी आई मरेपर्यंत मिश्री लावत होती. हिरड्यांशी फिरणारं तिचं काळं बोट मला आजही दिसतं. सरांनी तंबाखूचा प्रश्न मला वाचून दाखवला होता आणि मी "छान" म्हटलं होतं. हा राग माझा माझ्यावर आहे, तो सरांवर ढकलता येत नाही.

मी सरांना फणसाखाली ओढलं. म्हटलं, "सर, आज वहीतलं वाचा. पुढे पुन्हा मोजू, वाटेल तितकं मोजू. आधी अंगणवाडी हलू दे."

"खोटं वाचू?"

"मोजलेलं वाचा. मोजलंत ना तुम्ही? खोटं कुठे आहे त्यात?"

"बाई, मग माझ्यात आणि साहेबात फरक काय राहिला?"

"तो फरक खाली पत्र्याखाली बसलेल्या पोरांना सांगा!" मी ओरडले. इतकी ओरडले की देवळातल्या माणसांनी वळून पाहिलं.

सरांनी वाचलं नाही. देवळात उभे राहून त्यांनी सांगितलं की माझी मोजणी रद्द समजावी, तंबाखूनेही असंच दिसतं, प्रश्न विचारण्यात माझी चूक झाली, बायकांची काहीही चूक नाही. साहेबांचा चेहरा असा खुलला, जणू त्यांना जावई मिळाला. "म्हणजे तारांमुळे काही होत नाही, असं तुम्हीच म्हणताय."

"नाही. माहीत नाही, असं म्हणतोय. तुम्हालाही माहीत नाही. म्हणूनच म्हणतोय, अंगणवाडी हलवा. दीडशे पावलं."

साहेब शेजारच्या माणसाला म्हणाले, "लिहा, संबंधित तज्ज्ञांनी आपला दावा मागे घेतला."

तसंच लिहिलं गेलं. सर तीनदा म्हणाले, "मी असं बोललो नाही." एका माणसाने आपली चूक चारचौघांत कबूल करावी आणि दुसऱ्याने ती उचलून आपल्या अज्ञानावर पांघरूण म्हणून घालावी, याहून हलकट प्रकार मी पाहिलेला नाही. मी त्या साहेबाला काहीच बोलले नाही. मुंबईहून आलेला एक तरणा मागून ओरडला, "सर सेट झाले! मॅनेज केला त्यांना!" त्यालाही मी गप्प केलं नाही. मी सरांवर रागावले, कारण तेच जवळ होते. काकी खांबाशी बसली होती. तिने डबी कमरेला खोवली आणि मान खाली घातली.

उतरताना मी पुढे चालले. मागून चाळणी दगडांना घासत येत होती, तरी मी वळले नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी ठरवलं होतं, गणपतीला मोदक पाठवून मिटवायचं. गणपतीच्या आठ दिवस आधी शिपाई सांगत आला की सर सकाळी उठलेच नाहीत. त्यांच्या खोलीत एक वही आणि चाळणी होती, ती मी घेऊन आले. वहीत मोजणीच्या पानांवर तिरकी रेघ मारून लिहिलं होतं, 'रद्द. मिश्री. पुन्हा करणे.'

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी माझ्या प्रयोगशाळेच्या दारात वाडीच्या सात-आठ बायका उभ्या होत्या, पुढे काकी. "सर कुटं हायत गो?" असं विचारलं असतं तर मी सावरले असते, पण ती थेट म्हणाली, "सरांना बोलव. त्या दिसापास्नं एकीनं पन मिश्रीला बोट लावला नाय. हिरड्या ठनकतात, डोका फिरतो, सुनेशी चार येळा भांडन झाला. पन नाय लावली. आता खरवडा म्हनावं."

सर गेल्याचं मी सांगितलं. काकी उंच स्टुलावर कशीबशी चढून बसली. बराच वेळ तिचे पाय हवेत लोंबत राहिले. मग तिने पदराने डोळे पुसले आणि तोंड उघडलं.

"मंग तू खरवड," ती म्हणाली.

मी काडी उचलली. खरवडलं. महाडच्या बायकांना पुन्हा बोलावलं. शिपायाने आकडे चिकटवले, यादी डब्यात, किल्ली खिशात. मी रसायनाची बाई, मला हे काम नीट येत नव्हतं. एकेक काच तीनदा मोजली. डबा उघडला तर दोन्ही गट सारखे. इकडे एखादा ठिपका जास्त, तिकडे एखादा कमी, बाकी काही नाही.

त्या दिवशी मी सरांना अशा शिव्या दिल्या की भिंतीच्या फटीतून कुणी ऐकल्या असतील तर माझी नोकरी गेली असती. चार-दोन काड्या इकडच्या तिकडे केल्या असत्या तर? कुणाला कळणार होतं? पेन हातात होतं, शेजारी वही होती आणि त्यावर तो तिरका शब्द, 'रद्द.' मी खरं लिहिलं. वही मिटून इतक्या जोरात आपटली की स्टँडवरची परीक्षानळी पडून फुटली.

वाडीत जाऊन सांगणं सगळ्यात अवघड होतं. काकीच्या पडवीत बायका जमल्या. मी सांगितलं की तुमच्या गालांत काही वेगळं दिसलं नाही.

"म्हंजे आमाला कायपन झाला नाय?"

"या एका खुणेत काही दिसलं नाही. एवढंच."

"आनि पोरांना?"

मी म्हणाले, "माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी ते शब्द पुढे काहीही न जोडता बोलले असेन.

काकी पायरीवरच्या चुन्याच्या रेघेकडे बघत राहिली. दोन पावसाळ्यांनी ती फिकट झाली होती. "सर पन येच बोललं होतं," ती म्हणाली. "पयल्या दिशी. म्हाईत नाय, म्हनून हलवा. मंग आपन दोन वर्सं कोनाची वाट बगताव गो?"

काकी उठली आणि पडवीतल्या नाचणीच्या गोणी आत ओढायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खोलीतून सतरंज्या, खिचडीचं पातेलं, वजनकाटा आणि मुळाक्षरांचा तक्ता वर पडवीत आला. तक्ता पोरांनीच धरून आणला. सगळं मिळून तासाभराचं काम होतं. दोन वर्षं अर्ज, बैठक, मोजणी, एका माणसाची बदनामी आणि शेवटी तासाभराचं काम! मी तिथेच बसून रडले आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

पंधरा दिवसांनी वरच्या ऑफिसातून पत्र आलं. अंगणवाडी परवानगीशिवाय हलवण्यात आली आहे, कोणत्या शास्त्रीय पुराव्याच्या आधारे हलवली याचा तात्काळ खुलासा करावा. काकी ते पत्र घेऊन एसटीने माझ्याकडे आली. मी तीन पानं लिहिली, त्यात साहेबांच्या सात पिढ्या आल्या. काकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढा नको. सरांसारखा लिव."

मी पानं फाडली आणि नव्या कागदावर लिहिलं, 'तारांमुळे मुलांना काही होते का, हे आम्हाला माहीत नाही. आपल्यालाही माहीत नाही. म्हणून हलवली.' खाली काकीने सावकाश अक्षर जोडत सही केली आणि तिच्याखाली मी केली.

त्याला अजून उत्तर आलेलं नाही. आलं तर पुन्हा हेच लिहीन. सरांची बाजू आता मला पाठ आहे.